सात तारांची गाठ

२ एप्रिल, बुधवार. औराद.

उद्या हुमनाबादला सभा. सुरुवात अशी करायची:

“सीमेवरच्या माझ्या भावांनो, बहिणींनो! आपलं दुखणं एकच आहे. आपण बोलतो आणि कुणी ऐकत नाही. इकडं अर्ज दिला तर म्हणतात, तुम्ही तिकडचे. तिकडं गेलो तर म्हणतात, तुम्ही इकडचे. शाळेत फळा आहे, खडू आहे, पोरं आहेत. मराठी शिकवायला माणूस नाही!”

इथं थांबायचं. मग पर्समधली गाठ काढून वर धरायची. “ही बघा. धोंडिबाअप्पांनी माझ्या जीपमध्ये मारलेल्या गाठीची ही जोडीदार. सात तारा, सात रंग. एकत्र वळल्या म्हणून भोंगा बोलतो. सुट्ट्या राहिल्या असत्या तर मुका राहिला असता!”

टाळ्या इथंच येतात. वर्षभर येतायत.

अप्पा माझी जीप चालवतात. शाळेत शिकवत होते म्हणून इकडं सगळे मला टीचर म्हणतात, तेही. त्याआधी चाळीस वर्षं बोअरच्या मोटारी दुरुस्त केल्या. जीपमधलं गाण्याचं मशीन, अँप्लीफायर, आत दोन स्पीकर, टपावर दोन भोंगे, सगळं त्यांनीच जोडलं. मी गाठीचं कौतुक करते तेव्हा ते गर्दीत मागं उभे राहून खाली बघतात. कान मात्र इकडं.

३ एप्रिल, गुरुवार. हुमनाबाद.

सभा झाली नाही.

गावाच्या अलीकडं तीन-चार किलोमीटरवर. मी मागं, कागद वाचत. भोंग्यावर गाणं चालू. आधी वास आला, रबर जळल्यासारखा. अप्पा म्हणाले, “म्होरच्या लॉरीचा असंल.” मग माझ्या पायाजवळून धूर. पांढरा नव्हे, पिवळट. सीटखाली काहीतरी लाल दिसलं. विस्तव नव्हता, तार होती. भट्टीतल्या सळईसारखी आतून लाल.

माझ्या सीटमागं डिझेलचा पाच लिटरचा कॅन.

अप्पांनी गाडी बाजूला घेतली, दार उघडून मला हाताला धरून ओढलं, परत आत वाकले आणि गाठ उघड्या हातानं खेचून तोडली. डाव्या तळव्याला बोटभर लांब फोड आलाय. धाब्यावरच्या माणसानं पाणी ओतलं, वर कोलगेट लावली. अप्पा एवढंच म्हणाले, “बारा होल्ट हाय हो. हात लावला तर मुंगीबी चावत न्हाई. मग ही कामून पेटली?”

घरात दोन कपाटं पुस्तकं आहेत. चाळीस मिनिटं न थांबता बोलू शकते. आणि ज्यावर बोलत होते ते मला माहीत नव्हतं.

४ एप्रिल, शुक्रवार. हुमनाबाद.

बस स्टँडच्या पुढं, धाब्यांच्या रांगेत नागम्माचं दुकान. लॉऱ्यांत, कारमध्ये गाण्याची मशीनं बसवते. दुकान नवऱ्याचं, तो गेल्यापासून हीच बघते. चाळिशीची असेल. कन्नड बोलणारी, मराठी भरभर आणि आपल्या मर्जीनं. साडीवर नवऱ्याचा शर्ट.

बोनेट उघडून तिनं आधी बॅटरीची काळी तार काढली, वीज बंद व्हावी म्हणून. पान्याशिवाय दुसरं काही हातात घेतलं नाही तोवर. मग सीट उचलली. जळकी गाठ दोन बोटांत धरून नाकाशी नेली.

“अय्यो. हा गजरा कुणी ओवला?”

अप्पांनी फडकं बांधलेला हात मागं नेला.

“फ्यूज कुठाय?”

अप्पा म्हणाले, “अँप्लीफायरपाशी व्हता. सारखा उडायला लागला. मंग तिथं तार टाकली.”

“म्हणजे चौकीदार ओरडायलाय म्हणून चौकीदाराचाच गळा दाबलाव की, अप्पा!” म्हणाली आणि हसली. अप्पा हसले नाहीत. म्हणाले, “बाई, चाळीस वर्सं मोटारीला ह्याच गाठी मारलाव. चारशे होल्टाच्या. एकबी पेटली न्हाई.”

तिनं वाद घातला नाही. नव्या तारेचे सात तुकडे कापून त्यांच्यापुढं ठेवले. “तुमची सगळ्यात चांगली गाठ मारा, अप्पा. मला बघायचीय.”

अप्पांनी उजव्या हातानं आणि दातांनी मारली. सुंदर. मी पैजेवर सांगते, सुंदर होती. वर टेप, इस्त्री केल्यासारखी. नागम्मानं बाकावर बॅटरीला जोडली, पुढं लॉरीचे हेडलाइट लावले. मीटर धरला. गाठीच्या अलीकडं बारा, पलीकडं जवळजवळ बाराच. अप्पांनी माझ्याकडं बघितलं. बघा म्हणून.

मग ती गाठ फळकुटाला बांधून फळकूट बाकाच्या कडेवर आपटत राहिली. शंभर वेळा तरी. “ही तुमची जीप. हा बसवकल्याणचा रस्ता. हा खड्डा. हा दुसरा. हा पंचायत बुजवणार व्हती तो.” परत मीटर. अलीकडं बारा. पलीकडं पावणेअकरा.

“टीचर, सव्वा व्होल्ट कुठं गेला?”

मी म्हणाले, हरवला.

“हरवत न्हाई. काहीच हरवत न्हाई. हात लावून बघा.”

टेप गरम. भाकरी तव्यावरून काढल्यावर असते तशी.

तिनं सांगितलं ते लिहून ठेवते, विसरायचं नाही. बारा व्होल्ट माणसाला चावत नाही, म्हणून माणूस त्याला साधं समजतो. पण घरात एक अँपिअर जे काम करतो, तेच काम बारा व्होल्टवर करायला वीसेक अँपिअर धावावे लागतात. एवढी गर्दी सैल गाठीतून जाते तेव्हा वाट अरुंद, म्हणून घासाघीस, म्हणून उष्णता. अप्पांच्या मोटारीच्या गाठीतून कमी गर्दी जायची, आणि मोटार एका जागी उभी. ती हलत नव्हती. जीप हलते.

तेव्हा अप्पा चुकले नव्हते. त्यांचं खरं होतं, दुसऱ्या जागी खरं. हे मी त्यांना तिथंच म्हणायला हवं होतं. नाही म्हटलं. मी मीटरकडं बघत राहिले.

५ एप्रिल, शनिवार. हुमनाबाद.

दिवसभर तिच्या शेजारी प्लॅस्टिकच्या स्टुलावर. अप्पा सकाळीच म्हणाले, “तुमी बसा. मी च्या पिऊन येतो.” चार तास चहा पीत होते.

तिनं केलं ते असं. बॅटरीपासून हातभराच्या आत फ्यूज. “तार कुठंबी घासली, तुटली, तरी आग लागायच्या आधी हा मरतो. ह्याचं काम मरायचंच हाय.” पुढं एकच जाड तांब्याची तार. पत्र्यातून जाते तिथं भोकाला रबरी कडं, धारेनं कापू नये म्हणून. सीटखाली पितळेची पट्टी, तिच्यात खोबणी. जाड तार एका बाजूनं आत येते आणि प्रत्येक फाट्याला आपली खोबणी, आपला फ्यूज, तारेच्या जाडीप्रमाणं लहानमोठा. एका खोबणीत एकच तार. मी विचारलं, दोन बारीक तारा एकीत घातल्या तर? “एका बाजेवर दोन भाऊ झोपतेत, टीचर. सकाळी एक खाली असतो.”

वीज परत नेणारी काळी तार अप्पांनी रंगाच्या वरूनच पत्र्याला स्क्रूनं दाबली होती. दोन दिवाळ्यांपूर्वी जीप निळी करून घेतली, त्या रंगावर. नागम्मानं तिथला रंग कानशीनं खरवडला, रुपयाएवढा पत्रा उघडा केला, आरशासारखा. “रंगातून वीज जात न्हाई. कितीबी चांगला रंग असू दे.”

आणि मग ते.

तारेच्या टोकाला तांब्याची टोपी घालून तिनं लांब दांड्यांच्या पकडीत दाबली. कट्ट असा आवाज. भिंतीला पाय लावून दोन्ही हातांनी ओढली. सुटली नाही. “सोल्डर का नाही?” मी विचारलं. म्हणाली, गाडी थरथरते, सोल्डर जिथं संपतो तिथं तार कडक होऊन तुटते. आणि तापला तर पाघळतो. मी म्हणाले, पण नुसतं दाबल्यानं काय होतं? आत तर तारा सुट्ट्याच असणार.

तिनं एक टोपी दाबली आणि चांगली, नवी, दाबलेली टोपी करवतीनं मधोमध कापली. तोंड कानशीनं गुळगुळीत केलं. गल्ल्यातून घड्याळजीचं भिंग काढलं. “नोडरी. बघा.”

मी बघितलं.

तारा नव्हत्या. जाड तारेतले जे शेकडो बारीक गोल धागे होते ते गोल राहिलेच नव्हते. एकमेकांना टेकून सहा-सहा कोनांचे झाले होते. मध्ये जागा नाही. सुईच्या टोकाएवढीही नाही. मधाचं पोळं. तांब्याचं, गुलाबी, कुणी न केलेलं मधाचं पोळं. वितळवलेलं नाही, चिकटवलेलं नाही, फक्त बरोबर जोरानं बरोबर जागी दाबलेलं. हवा आत जाऊ शकत नाही, म्हणून गंज चढत नाही. आणि प्रत्येक तारेची कड भिंगाखाली दिसते. नाहीशी एकही झालेली नाही.

किती वेळ बघत होते कोण जाणे. रडू आलं होतं वाटतं, कारण नागम्मा म्हणाली, “काय झालं? डोळ्यात कीस गेला?”

हे रोज तिच्या हाताखाली होतं. लॉऱ्या ते घेऊन पुण्याला जातात, हैदराबादला जातात, आणि ते कधी कुणाला दिसत नाही. तिनंही एकदाच कापून बघितलं होतं, नवरा असताना. “तो म्हणायचा, आत काय व्हतंय ते एकदा बघून ठेव, मग आयुष्यभर झाकून कर.”

कापलेला तुकडा मागून घेतला. भिंगही. “भिंग परत द्या हं, टीचर,” म्हणाली. “तुकडा ठेवा.”

६ एप्रिल, रविवार. औराद.

जीप परत. भोंगा इतका स्वच्छ बोलतो की माझाच आवाज मला परका. अप्पांनी वाटेत प्रत्येक खड्डा चुकवला.

संध्याकाळी एकदम आठवलं आणि हातातली वाटी खाली ठेवली. चिंताकी.

गेल्या महिन्यात चिंताकीला बोलले होते. गाठ दाखवली होती. तिथल्या चौदा एप्रिलच्या जयंती कमिटीचा सेक्रेटरी विजय नंतर म्हणाला होता, “टीचर, आमच्या मिरवणुकीच्या टेम्पोला अप्पांचीच गाठ पायजे.” मी म्हणाले होते, घ्या की! हसून. व्यासपीठावरून.

८ एप्रिल, मंगळवार. चिंताकी.

बघून आले. आमच्यापेक्षा वाईट. अँप्लीफायर दोन, बॅटऱ्या दोन, नऊ तारा एका गाठीत. वर निळी रिबीन. रिबीन! टेम्पोच्या पाठीवर गाणारी मंडळी बसणार, आठ-दहा जण, पायाखाली सतरंजी, सतरंजीखाली ती गाठ. चालवणार अप्पा.

विजय बँकेत आहे, नीट शिकलेला. म्हणाला, “टीचर, तुमच्या सात, आमच्या नऊ!” अभिमानानं. मी फ्यूज विचारला. “अप्पानं सांगितलं, फ्यूज ठेवला की मिरवणूक मधीच थांबती.”

सांगितलं, हुमनाबादला न्या, एक दिवसाचं काम आहे. तो म्हणाला, आता रंग झालाय, कमानी बसल्यात, कमानीसकट गाडी पुलाखालून जात नाही. “अन् अप्पाला काय सांगू? तुमच्या गाठीवर इस्वास न्हाई म्हणून?”

नागम्माला फोन केला. चौदाच्या आत तिला पाच लॉऱ्या करून द्यायच्या. म्हणाली, “या इकडं. शिकवते. तुमी करा.”

मी?

“हातं हायत की तुमाला. का नुसतं तोंडच हाय?”

१० एप्रिल, गुरुवार. हुमनाबाद.

सकाळपासून एकवीस टोप्या दाबल्या. पहिल्या नऊ ओढल्या की निघाल्या. जोर माझा कमी नव्हता, टोपी मोठी घेत होते, तारेला सैल. “माप तारेचं असतंय, टीचर, हौसेचं न्हाई.” दहावी धरली. भिंतीला पाय लावून ओढली, नागम्मानं कंबर धरली. आली नाही. दोघी हसत बसलो. अठ्ठावन्नाव्या वर्षी एक गोष्ट हातानं खरी केली. बोलून नव्हे.

पकड, पट्टी, फ्यूज, टोप्या घेऊन आले. पकड उसनी.

११ एप्रिल, शुक्रवार. चिंताकी.

चुकले. मोठी चूक.

कमिटीची बैठक होती, गाव जमलेलं. मला वाटलं, चारचौघांत बोलले ते चारचौघांतच मागं घ्यावं. उभी राहिले. पर्समधली गाठ काढली. म्हणाले, “वर्षभर मी ही तुम्हाला दाखवली. ही खोटी आहे. हिनं आम्हाला जाळलं असतं. एकी म्हणजे सगळ्यांना पिळून एका टेपमध्ये कोंडणं नव्हे!” आवाज चढत गेला. मला कळत होतं तो चढतोय. गाठ जमिनीवर टाकली.

मागून गावातल्या शांताबाई, “टीचर, तुमी वायरमन कवा झालाव?” हशा. विजय म्हणाला, “मंग आता एकी नको म्हणायलाव का?” पुन्हा हशा.

आणि अप्पा. भिंतीला टेकून उभे होते. डाव्या हाताला अजून फडकं. पुढं आले, वाकले, गाठ उचलली, फुंकून धूळ काढली, खिशात घातली. माझ्याकडं न बघता विजयला म्हणाले, “टेम्पो मी चालीवनार. तारंला कुणी हात लावायचा न्हाई.” आणि गेले.

त्यांनी त्या हातानं मला बाहेर ओढलं होतं. आणि मी त्यांच्यावरून भाषण केलं. वर्षभर एक भाषण त्यांच्यावर रचलं, आज दुसरं रचलं. एकदाही विचारलं नाही.

१२ एप्रिल, शनिवार. औराद.

अप्पांच्या घरी. त्यांच्या मंडळी कमळाक्का दारात ज्वारी पाखडत होत्या. “या. आत न्हाईत ते,” म्हणाल्या. आत होते. खोकला ऐकू आला.

“काल काय बोललाव टीचर तुमी? दोन दिस जेवले न्हाईत ते.”

“कालच बोलले मी. दोन दिवस कसे?”

“जेवले न्हाईत म्हंजे न्हाईत!” सूप आपटलं. मग हळू आवाजात, “हात दाखवा म्हनलं डॉक्टरला, तर म्हनत्यात, चूक हातानं केली, हातालाच भोगू दे.”

माझ्याजवळ वाक्यं होती. वाटेत तयार केली होती. त्यांऐवजी तुकडा आणि भिंग कमळाक्कांच्या सुपाच्या कडेला ठेवलं. म्हणाले, “हे त्यांच्यासाठी. उजेडात धरून बघा म्हणावं. बाकी काही नाही.”

“हे खायचं हाय का लावायचं?”

“बघायचं.”

“बगू,” त्या म्हणाल्या. चहा दिला. आतला खोकला थांबला होता.

१३ एप्रिल, रविवार. औराद.

सकाळी कमळाक्कांचा फोन. “टीचर, काय दिलाव तुमी त्यास्नी? पाटंपासून अंगनात बसलेत, एक डोळा झाकून. शेजारी इचारायलेत, म्हाताऱ्याला मोतीबिंदू झाला का.”

“काही बोलले का?”

“एकदाच. म्हनले, ‘कमळे, ह्यात एकबी तार मेली न्हाई.’ अन् परत डोळा लावला.”

मला जे बघून बोलता आलं नाही, ते त्यांनी सहा शब्दांत.

दुपारी विजयचा निरोप: अप्पा टेम्पोपाशी आले होते. सतरंजी उचलली, बसून राहिले, परत झाकली. चावी त्यांच्याकडंच आहे. उद्या मिरवणूक दहाला निघायची. पट्टी, टोप्या, पकड माझ्या ओट्यावर. मला एकटीला तीन तास लागतील. त्यांच्यासारखा हात असला तर एक. पण चावी त्यांच्याकडं.

भाषण नको. चिठ्ठी लिहिली, कमळाक्कांच्या भाच्याच्या हाती पाठवतेय. तीन वेळा फाडली. चौथी ही, इथं उतरवून ठेवते:

“अप्पा, त्या दिवशी मला ओढून काढलंत. मी आभार मानले नाहीत, गाठीचं बोलत बसले. तुमची गाठ मोटारीवर खरी होती, हे मला नागम्माच्या दुकानातच म्हणायला हवं होतं. कालपर्यंत मला तारेतलं काही कळत नव्हतं, आज थोडं कळतं. तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल, हात तुमचे आहेत. टोप्या दाबायला मला तुमचा उजवा हात हवा, डावा मी धरते. मिरवणुकीला वर बसणारे आपलेच आहेत. उद्या सहाला टेम्पोपाशी मी येतेय. तुम्ही या, आणि कुणाशी काही बोलायच्या आधी बोनेट उघडून बॅटऱ्यांच्या काळ्या तारा काढा.”